जुन्या सबवेची दारं कोण उघडायचं, कोण लावायचं?

न्यूयॉर्कच्या सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, जुन्या गाड्यांवर या सदरात बरेच प्रश्न साठलेत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न दारांबद्दलच आहेत. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: आम्ही न्यूजर्सीत राहतो. मुलांना घेऊन ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये गेलो होतो. तिथल्या १९३० च्या काळातल्या डब्यांना दारापाशी ना बटण ना कडी. पण डब्याच्या टोकाला बाहेरून पाय ठेवायला छोट्या पायऱ्या, धरायला दांडे आणि लहानशा पेट्या होत्या. मुलगा विचारत होता की इथे कोण उभं राहायचं आणि कशाला? (एडिसन, न्यूजर्सी)

उत्तर: तुमच्या मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. तिथे कंडक्टर उभा राहायचा, आणि दारं उघडायचं-लावायचं सगळं काम तिथूनच व्हायचं. तुम्ही बघितलेले डबे आर-१ ते आर-९ या मालिकेतले असणार, शहराने स्वतः बांधलेल्या इंडिपेंडंट लाइनसाठी १९३० ते १९४० या काळात बनवून घेतलेले. त्या डब्याला एका बाजूला चार दारं, म्हणजे दहा डब्यांची गाडी धरली तर प्लॅटफॉर्मच्या बाजूने चाळीस दारं, आणि एवढ्या सगळ्यांवर एकच माणूस. स्टेशन जवळ आलं की तो गाडीच्या साधारण मध्यावर दोन डब्यांच्या फटीत बाहेर यायचा, एक पाय या डब्याच्या पायरीवर, दुसरा त्या डब्याच्या पायरीवर, हाताने दांडे पकडलेले, आणि असं उंचावर उभं राहिल्यामुळे गर्दीच्या डोक्यांवरून पुढचा-मागचा सगळा प्लॅटफॉर्म दिसायचा. त्या छोट्या पेट्यांमध्ये दारांचे ट्रिगर असायचे. एका डब्याचा ट्रिगर दाबला की गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागातली दारं उघडणार, दुसऱ्याचा दाबला की मागच्या अर्ध्या भागातली. दोन्ही भाग वेगवेगळे ठेवायचं कारण उघड आहे, एकीकडे माणसं अजून चढतायत आणि दुसरीकडचं चढून झालंय तर तिकडची दारं आधी लावून टाकता येतात.

दारं ढकलायची ताकद मात्र त्याच्या हातात नसायची, ती हवेची. ब्रेकसाठी गाडीत दाबाखालची हवा भरलेली असतेच, तीच दारांनाही वापरायची. ट्रिगर दाबला की बारीकसा विजेचा प्रवाह गाडीभर जायचा, प्रत्येक दाराजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा, हवा सिलिंडरमध्ये जायची आणि दट्ट्या दाराच्या फळ्या सरकवायचा. या सिलिंडरला तिथले लोक डोअर इंजिन म्हणतात. म्युझियममधल्या डब्यात बसून बघा, हे सगळं कुठेतरी लपलेलं असतं म्हणून दार रिकामं, नुसतं दिसतं. प्रवाशाने त्याला हातच लावायचा नाही हीच त्यामागची कल्पना.

आता हिवाळ्याचा विचार करा. सबवे म्हटलं तरी बराच मार्ग जमिनीवरून आणि उंच खांबांवरूनही जातो, तिथे बर्फ पडत असताना, पायरी ओली झालेली असताना तो माणूस दर स्टेशनला त्या फटीत चढणार आणि परत आत येणार. आणि हे दिवसभर! मला तरी या गाड्यांच्या इतिहासातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच वाटतं, आणि फोटोंमध्ये मात्र सगळे मोटरमनलाच बघतात. पन्नासच्या दशकात आलेल्या नव्या डब्यांत शेवटी हे ट्रिगर केबिनच्या आत गेले आणि कंडक्टरला खिडकीतून डोकं बाहेर काढून काम करता यायला लागलं. पण आर-१ ते आर-९ हे डबे त्याच्यानंतरही चालू राहिले, त्यांची नियमित सेवा बंद झाली ती ३१ मार्च १९७७ ला. म्हणजे तोपर्यंत कोणी ना कोणी त्या पायऱ्यांवर उभं राहतच होतं.

प्रश्न: त्याच्याही आधी काय होतं? म्हणजे हवेवर चालणारी दारं यायच्या आधी? आणि सगळी दारं बंद झालीत हे मोटरमनला कसं कळायचं? आमच्या लोकलमध्ये गार्ड बेल देतो तसं काही होतं का? (डोंबिवली)

उत्तर: होतं ना, आणि फार जवळचं होतं. पण आधी सुरुवातीपासून सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये सबवेच्या कितीतरी आधी रस्त्यावरून खांबांवर चालणाऱ्या एलिव्हेटेड गाड्या होत्या, त्यांना तिथे नुसतं एल म्हणतात. त्या लाकडी डब्यांच्या दोन्ही टोकांना उघडे ओटे आणि त्याला लोखंडी जाळीचं फाटक. प्रवाशाने फाटकातून ओट्यावर यायचं आणि तिथून डब्यात शिरायचं. दोन डब्यांच्या मधे एक गार्ड उभा, त्याच्या हाताशी तरफा, त्याने या डब्याच्या मागच्या टोकाचं आणि त्या डब्याच्या पुढच्या टोकाचं फाटक उघडायचं आणि ओढून लावायचं. म्हणजे जितके जोड तितकी माणसं. ब्रुकलिनच्या मर्टल अॅव्हेन्यूच्या एलवर असे फाटकवाले डबे १९५८ पर्यंत चालले, विश्वास बसत नाही पण खरं आहे.

आता तुमचा बेलचा प्रश्न. डब्यांच्या टोकांना घंटा आणि त्याला बांधलेली दोरी असायची. सगळ्यात मागच्या गार्डने आपली फाटकं लावली की तो दोरी ओढणार, घंटा वाजणार पुढच्या गार्डजवळ. त्याची फाटकं लागली असतील तरच तो आपली दोरी ओढणार, मग त्याच्या पुढचा, असं करत करत शेवटी घंटा वाजायची मोटरमनच्या कानाशी. मधल्या एकाचंही फाटक अडकलं तर निरोप तिथेच थांबला, गाडी सुटणार नाही. मला ही पद्धत विलक्षण आवडते कारण हातातल्या दोरीशिवाय काही नसताना सुद्धा त्यात नियम पक्का आहे, निरोप पुढे जाणं म्हणजे मागचं सगळं बंद असणं.

२७ ऑक्टोबर १९०४ ला सबवे सुरू झाली तेव्हा फाटकं गेली आणि त्या जागी बंदिस्त ओटे आणि सरकती दारं आली, पण काम हातानेच, तरफ ओढून. दारं फक्त डब्याच्या टोकांना. याचा त्रास लगेच जाणवला कारण मधे उभ्या असलेल्या माणसाला उतरायचं तर अख्खी गर्दी कापत टोकापर्यंत यावं लागायचं आणि गाडी स्टेशनात ताटकळायची. म्हणून १९०९ नंतर त्या डब्यांना मधोमध आणखी एक दार पाडलं, चांगला पोलादी डबा कापून. ते मधलं दार गार्डच्या हाताच्या पल्ल्यात येणार कसं, मग तिथे यंत्राची गरज आलीच. पुढे विसाच्या दशकात अशी व्यवस्था बसवली गेली की एका जागी उभं राहून एकच माणूस अनेक डब्यांची दारं चालवेल, आणि जोडाजोडावरचे गार्ड कमी होत गेले.

माणसं गेली तशी दोरीही गेली, पण तोच नियम आता तारेत आला. प्रत्येक दाराच्या फळीला एक संपर्क बसवलेला, दार पूर्ण लागलं की तो जुळतो. गाडीतल्या सगळ्या दारांचे संपर्क एकाच तारेवर एकामागोमाग एक, माळेत मणी ओवावेत तसे. सगळे जुळले की तारेतून वीज फिरते आणि दिवा लागतो, आधी कंडक्टरला कळतं आणि मग मोटरमनच्या समोर. चाळीसातलं एक दार बोटभर उघडं राहिलं तरी दिवा नाही. तार तुटली तरी दिवा नाही, बल्ब गेला तरी दिवा नाही. म्हणजे काहीही बिघडलं तरी मोटरमनला ‘थांब’ हाच अर्थ लागतो, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. दिवा लागणं म्हणजे ‘उघडं आहे’ असं ठेवलं असतं तर जळलेल्या बल्बने कोणाचा तरी जीव घेतला असता.

बेलचे संकेत तर ऐकून तुम्हाला घरचं वाटेल. न्यूयॉर्कमध्ये कंडक्टर आणि मोटरमन यांच्यातल्या बझरवर एक लांब म्हणजे थांबा, दोन लांब म्हणजे चला. मुंबईच्या लोकलमध्ये पण एक बेल थांबायला आणि दोन बेल सुटायला. आपल्या गार्डला २०२२ पासून रेल्वेने ट्रेन मॅनेजर असं नाव दिलंय तरी डोंबिवलीच्या फलाटावर त्याला गार्डच म्हणतात हे मी तुम्हाला काय सांगणार.

एक गोष्ट मात्र दिव्यालाही कळत नाही. दाराच्या कडेला रबर असतं, त्यात छत्रीचं टोक किंवा बॅगेचा पातळ पट्टा अडकला तर रबर दबतं, संपर्क जुळतो, दिवा लागतो. म्हणून दिवा लागल्यावरही कंडक्टरने गाडी सुटताना काही अंतर प्लॅटफॉर्मकडे बघत राहायचं असतं, आजही. न्यूयॉर्कच्या स्टेशनांवर मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली दिसते, कंडक्टर खिडकीतून तिच्याकडे बोट दाखवतो आणि मगच दारं उघडतो. आपली खिडकी त्या फळीसमोर आली म्हणजे अख्खी गाडी प्लॅटफॉर्मच्या आत आहे, एकही दार बोगद्यात उघडणार नाही. बोट दाखवायची सक्ती १९९६ पासूनची.

प्रश्न: मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग करतो. जुन्या सबवेच्या केबिनचा फोटो बघितला, त्यात दोनच हँडल दिसतात. एवढ्यावर गाडी कशी चालायची? आणि हाय-व्ही, लो-व्ही ही काय भानगड आहे? (पुणे)

उत्तर: दोनच हँडल, बरोबर. एक मास्टर कंट्रोलर, म्हणजे वेग द्यायचा, आणि दुसरा ब्रेकचा. शिवाय दिशा ठरवणारी एक किल्ली, रिव्हर्सर. ब्रेकचं हँडल आणि ती किल्ली दोन्ही काढता येतात आणि मोटरमन ती स्वतःबरोबर घेऊन जातो, त्यामुळे बाकीच्या डब्यांच्या केबिनमध्ये कोणी शिरलं तरी करण्यासारखं काही नसतं. आयआरटी, म्हणजे १९०४ ची पहिली सबवे चालवणारी कंपनी, तिच्या सुरुवातीच्या डब्यांत तर केबिनचं दार असं फिरायचं की डबा गाडीच्या मधे लागला असेल तेव्हा तेच दार कंट्रोलरवर झाकण म्हणून बसायचं आणि ती जागा प्रवाशांना चढा-उतरायला मोकळी व्हायची. ज्याने ते दार आखलं त्याला सलाम.

कंट्रोलरवर तीन टप्पे महत्त्वाचे. पहिला स्विचिंग, मोटरी सिरीजमध्ये म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या आणि प्रवाह अडवणारे सगळे रेझिस्टन्स मधे, गाडी रांगते. दुसरा सिरीज, रेझिस्टन्स एकेक करून बाजूला होतात आणि दोन मोटरींना तिसऱ्या रुळावरचे, म्हणजे गाडीला वीज पुरवणाऱ्या शेजारच्या रुळावरचे, ६०० व्होल्ट निम्मे निम्मे मिळतात. तिसरा मल्टिपल, म्हणजे तुम्ही ज्याला पॅरलल म्हणता तो, प्रत्येक मोटरला पूर्ण ६०० व्होल्ट. मोटरमन फक्त कुठवर जायचं ते सांगतो, रेझिस्टन्स कधी काढायचे ते करंट बघून रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, ठरवतो. आपल्याकडच्या जुन्या १५०० व्होल्ट डीसी लोकलमध्ये सुटताना जे टप्प्याटप्प्याने खटके ऐकू यायचे आणि गाडी हलकेच धक्के देत वेग घ्यायची, ते याच घराण्यातलं. हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये डीसी संपलं तेव्हा मुंबईतून तो आवाज गेला, ज्यांनी ऐकलाय त्यांना तो अजून आठवत असेल.

आता हाय-व्ही आणि लो-व्ही. पुढच्या केबिनमधून मागच्या सगळ्या डब्यांच्या मोटरी एकदम चालवायच्या ही मल्टिपल युनिटची कल्पना फ्रँक स्प्रेगची, १८९७ ला शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेडसाठी त्याने ती करून दाखवली. आयआरटीच्या पहिल्या डब्यांत यासाठी जो नियंत्रणाचा प्रवाह वापरला तो थेट तिसऱ्या रुळाचाच, म्हणजे मोटरमनच्या हाताखालच्या कंट्रोलरमध्ये ६०० व्होल्ट आणि दोन डब्यांना जोडणाऱ्या केबलमध्येही ६०० व्होल्ट. तेच हाय-व्ही. साधारण १९१५ पासूनच्या डब्यांत हे काम ३२ व्होल्टच्या बॅटरीवर आणलं, ते लो-व्ही. मोटरींना वीज तेवढीच, फरक फक्त हुकूम देणाऱ्या तारेत, पण केबल जोडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि हे दोन प्रकार एकमेकांना जोडून एका गाडीत चालवता यायचे नाहीत, उघडच आहे.

डेडमॅनचं पण सांगायलाच हवं. कंट्रोलरच्या मुठीवर दाब देऊन ठेवावा लागतो, मोटरमनला भोवळ आली आणि हात सुटला की वीज बंद आणि इमर्जन्सी ब्रेक. आणि लाल सिग्नल ओलांडला तर रुळाशेजारी वर आलेला एक हात डब्याखालच्या व्हॉल्व्हला लागतो आणि हवा सुटून ब्रेक लागतो, एक्सप्रेसच्या रुळांवर ही सोय १९०४ पासूनची. पण वळणावर वेग किती ठेवायचा हे तेव्हा पूर्णपणे माणसावरच होतं. १ नोव्हेंबर १९१८ ला ब्रुकलिनमध्ये मोटरमनचा संप चालू असताना कंपनीने एका नवख्या माणसाला लाकडी डब्यांच्या गाडीवर बसवलं, मालबोन स्ट्रीटच्या वळणावर जिथे ताशी सहा मैलांनी जायचं तिथे तो कितीतरी जास्त वेगाने गेला आणि नव्वदहून जास्त माणसं मेली. गाडी पळवायला हँडल फिरवणं पुरतं, ती जागेवर आणून थांबवणं मात्र शिकावं लागतं, त्यासाठी महिनोन्‌महिने ब्रेकवर हात बसावा लागतो, आणि हे न मानणाऱ्यांनी तेव्हा माणसं मारली असंच मी म्हणेन.

प्रश्न: प्रवाशांनीच दार उघडायचं अशी मेट्रो कुठे होती का? (नाशिक)

उत्तर: होती, आणि फार जुनी गोष्ट पण नाही. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या लाइन ए वर १९१३ ला मार्ग सुरू झाला तेव्हाचे बेल्जियममध्ये बनवलेले लाकडी डबे जानेवारी २०१३ पर्यंत रोजच्या सेवेत होते, आणि त्यांची दारं प्रवासी स्वतः हाताने उघडायचे. शंभर वर्षं! पॅरिसमध्ये दाराला एक छोटी कडी असायची, स्टेशनात गाडी थांबता थांबता उतरणाऱ्याने ती वर उचलायची की दार उघडणार, लावायचं काम मात्र हवेचं. त्यात एक फायदा होता, ज्या दाराला कोणीच नाही ते उघडायचंच नाही, थंडीत डबा उबदार राहतो. लंडनच्या ट्यूबमध्ये आधी न्यूयॉर्कसारखीच फाटकं आणि फाटकवाले होते, हवेची दारं पहिल्यांदा १९२० ला पिकाडिली लाइनवर आली आणि तिथले शेवटचे गार्ड नॉर्दर्न लाइनवर जानेवारी २००० पर्यंत होते.

प्रश्न: न्यूयॉर्कने शंभर वर्षांपूर्वी दारं बंद केली मग आमच्या लोकलची अजून उघडी का? राग येतो हो. (कळवा)

उत्तर: राग यायलाच हवा, मलाही येतो. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती आपल्यातलीच होती.

पण दार बसवून प्रश्न सुटत नाही हेही तितकंच खरं, आणि वर सांगितलेलं सगळं इथे उपयोगी पडतं. दार लागल्याशिवाय गाडी सुटणार नाही हा नियम एकदा घातला की प्रत्येक दार पूर्ण लागायला हवं, आणि सकाळी आठच्या गाडीत दारात माणसं कोंबलेली असताना ते लागणार कसं? एक दार अडलं की गाडी थांबली, मागची थांबली, त्याच्या मागची थांबली. न्यूयॉर्कने आधी डब्याला दारांची संख्या वाढवली, टोकाच्या दोनांवरून मधल्या तिसऱ्याकडे आणि आर-१ मध्ये चारवर नेली. दुसरी अडचण हवेची. बिनएसी डब्यात एवढ्या गर्दीत दार बंद केलं तर श्वास कोंडणार. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल आली तिला आपोआप लागणारी दारं आहेत कारण हवेची सोय झाली होती. मुंब्र्यानंतर रेल्वेने बिनएसी गाड्यांसाठी जे जाहीर केलं त्यात दारांना झडपा, छतावरून हवा आत ढकलायची यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल असे जोड आहेत. दिशा बरोबर आहे. पण गाड्यांची संख्या वाढल्याशिवाय ती दारं वेळेवर लागणार नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: डिसेंबरमध्ये लेकीकडे न्यूयॉर्कला जातेय. या गाड्यांत बसायला मिळेल का? (कोल्हापूर)

उत्तर: मिळेल की! ब्रुकलिनला बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, सबवेसारखाच जिना उतरून म्युझियममध्ये जायचं. ते खरं स्टेशनच आहे, कोर्ट स्ट्रीट, १९४६ ला बंद पडलेलं आणि १९७६ ला म्युझियम झालेलं, आणि खाली दोन्ही रुळांवर जुने डबे उभे असतात, आत शिरून बसता येतं. आणि डिसेंबरमध्ये सुट्टीच्या दिवसांत आर-१ ते आर-९ ची गाडी खऱ्या मार्गावर सोडतात, नेहमीच्याच तिकिटात. तारखा आधी लेकीला बघून ठेवायला सांगा, गर्दी फार होते. जमलं तर गाडीच्या मधल्या डब्यात टोकाला जाऊन उभ्या राहा आणि गाडी स्टेशनात शिरताना दोन डब्यांच्या फटीकडे बघत राहा. कानावर टोपी, पायात चांगले बूट हवेत, प्लॅटफॉर्मवर थांबावं लागतं आणि तिथली थंडी कोल्हापूरची नाही.